तांबेऱ्यातली स्वच्छ रोपं

किन्हीराजा, सोमवार, १४ फेब्रुवारी १९५५

लहानपणी वर्गात सगळे कविता म्हणायचे, तेव्हा त्या गलक्यातून एकच आवाज निराळा ऐकू यायचा. आज वावरात तो आठवला, काय कारण असेल?

गव्हावर तांबेरा पडलाय. हात लावला की बोटं तांबडी. शेतकी साहेबांनी दिलेलं मूठभर संकराचं बियाणं गेल्या साली अगदी स्वच्छ होतं. यंदा त्याच्याच पोटची काही रोपं डागली. साहेब बोललेच होते : आजोबाचा रोग मुलात लपतो, नातवात निघतो, स्वच्छ तेवढी बियाण्याला ठेवा. म्हणून स्वच्छ रोपांना मी सुतळ्या बांधल्या.

नामदेव, माझा मुलगा, हसला. "बाबा, गव्हाची कविता करून राह्यले काय? उद्या सारं कापून बैलाईले टाकतो."

ती रोपं खरंच रोगाला पुरून उरली, की नुसती वाचली? पेरल्याशिवाय कसं कळणार? बोटं अजून तांबडीच.

इथवर लिहिलं आणि पुढच्या दारात सून उभी. ती माझ्यासमोर कधी येत नाही, मागच्या दारानंच वावरते. डोक्यावर घमेलं, पदर चिखलानं भरलेला.

"मामाजी, तुमचे सुतळीवाले झाडं मातीसकट खोदून आणले. न्हाणीजवळ लावू काय? तिथं बैल येत नाई."