रविवारची शिफ्ट सुटेपर्यंत

मी, याकोब सोनबा पाटोळे, वय चौसष्ट, धंदा सुतारकी, धर्म ख्रिस्ती, मूळचा नगर जिल्ह्यातला, हल्ली राहणार पिंपरी, आकाशातील पित्याला स्मरून हे मृत्युपत्र लिहवून ठेवतो. माझी स्मृती शाबूत आहे. पाय तेवढे ऐकत नाहीत. कोणाची जबरदस्ती नाही. माझ्यावर जबरदस्ती करू शकणारी एकच होती, ती माझी बायको सावित्रीबाई, गेल्या साली प्रभूकडे गेली.

कलम १. पिंपरी येथील दोन खोल्यांचे घर स्वकष्टाचे आहे. मला मूलबाळ नाही. घर माझा भाचा ज्योतीराम यास द्यावे. बहिणीच्या पश्चात तो आमच्याच घरी वाढला. अट एकच, त्याने रविवारी कामावर जाणे सोडावे.

कलम २. हत्यारांची पेटी ज्योतीरामलाच. तीतला मोठा रंधा सोपानराव शिरसाठ यांच्याकडे आहे. मागून मागून थकलो. आता मेलेल्या माणसाचा म्हणून तरी परत करावा. ज्योतीरामबद्दलच्या बैठकीत सर्वांत मोठ्याने ‘आमेन’ यांनीच म्हटले होते.

कलम ३. ती हकीकत लिहिणे भाग आहे. ज्योतीराम औषधाच्या कारखान्यात लागला. तिथे रविवारचीही शिफ्ट असते. मी चर्चच्या मंडळीचा वडील, म्हणजे पंच, मी त्याला विश्रामवारी काम न करण्याची चौथी आज्ञा दाखवली. तो म्हणाला, “मामा, टाकीतलं औषध रविवारी थांबत नाही. नासलं तर आजाऱ्याला काय देणार? विहिरीत पडलेला बैल विश्रामवारीही वर काढावा, ही गोष्ट तुम्हीच मला शिकवलीत ना?” मला उलट उत्तर खपत नाही. पाळकसाहेब सबुरीने घ्या म्हणत होते, तरी मी बैठक बोलावून त्याचे प्रभुभोजन बंद करवले.

त्याला निरोप पोचला नव्हता. पुढच्या रविवारी तो रात्रपाळी करून थेट प्रार्थनेला आला आणि बाकावर बसला. प्रभुभोजनाच्या भाकरीचे ताट माझ्या हातात होते. त्याने हात पुढे केला आणि मी ताट पुढच्या माणसाकडे नेले. आज्ञा देवाची होती, पण ताट नेणारा हात माझा होता. तो उठून गेला आणि कासारवाडीला खोली घेऊन राहिला.

सावित्रीबाई त्या दिवशी जेवली नाही. म्हणाली, “लढाईत तुम्ही रविवारी दारूगोळ्याच्या पेट्या ठोकल्या, तेव्हा आज्ञा आणणारा मोशे झोपला होता का?” मी म्हणालो, तो सरकारी हुकूम होता. ती म्हणाली, “मग त्याला मालकाचा आहे.” मी चिडून बाहेर गेलो. तिच्या मातीला ज्योतीराम आला, पण मी आत उभा म्हणून कबरस्तानाच्या फाटकाबाहेरच थांबला. मी हाक मारायला हवी होती. मारली नाही. याचे मला फार वाईट वाटते.

कलम ४. इथवर लिहून झाल्यावर लेखक हिंदुराव यांनी लेखणी खाली ठेवून विचारले, “मिस्त्री, अट घालताय खरं, पर त्यो घरच नगं म्हनला तर?” सबब कलम १ मधील अट रद्द समजावी. खाडाखोड मला मान्य आहे. घर बिनशर्त त्याचे. नको म्हणाला तर हे मृत्युपत्र त्याला वाचून दाखवावे आणि पुन्हा एकदा विचारावे.

कलम ५. माझी शवपेटी मीच करून ठेवली आहे, माळ्यावर आहे. आपल्यात माती उरकायची घाई फार. मी रविवारी गेलो आणि ज्योतीराम कामावर असला, तर त्याला शिफ्ट सोडून बोलावू नये. त्याचे काम होऊ द्यावे. तो येईपर्यंत पेटी झाकू नये. पाळकसाहेबांनी, सोपानरावांनी, सर्वांनी थांबावे. या वेळी फाटकापाशी जाऊन त्याला आत आणावे, आणि पहिली मूठ माती त्याच्या हातची पडावी.

लिहिले ते वाचून दाखवले, ते बरोबर आहे म्हणून खाली सही केली.

याकोब सोनबा पाटोळे

साक्षीदार: चिमाजी काळभोर, विमलबाई शिरसाठ
लेखक: हिंदुराव वाघेरे

मुक्काम पिंपरी, तारीख ९ नोव्हेंबर १९५८, रविवार. वार मुद्दाम घातला आहे.