एकच नवसी

३ फेब्रुवारी
पालघर आवडलं. खिडकीशी चिकूचं झाड आहे. घरमालकीण काशीबाईंनी आल्या आल्या बोंबलाची चटणी दिली. नाशिकच्या वैष्णवी मॅडमना पचेल ना, असा टोमणाही मारला.
आमच्या संस्थेचे दोन दवाखाने, बोईसर आणि इथलंच किनाऱ्यावरचं माहीम. नोंदींचा प्रोग्राम एकच, तक्ते हुबेहूब सारखे. माझं काम दोन्हींची माहिती एकत्र करायची, पण प्रोग्रामला हात लावायचा नाही. तो बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली. व्यवस्थापक दिनानाथ सर म्हणाले, खाली माहितीत काही हललंय हे त्याला कळताच कामा नये.

६ फेब्रुवारी
माहीमच्या रुग्णक्रमांकांत एक लाख मिळवले, दोन दवाखान्यांच्या क्रमांकांची टक्कर टळली. दोन्हीकडे जाणारे रुग्ण उरले. आडनावं अर्ध्या नोंदींत नाहीत. म्हणून नियम लावला: नाव आणि जन्मतारीख जुळली तर माणूस एकच. जुनी नोंद राहील, नवी तिच्यात मिसळेल. सर्व्हरवर जागा नाही म्हणून सरांनी मूळ प्रती पुसायला सांगितल्या. मी पुसल्या.

९ फेब्रुवारी
बोईसरच्या दवाखान्यात नवसी नावाची रुग्ण आली. डोंगरातून कामाला उतरलेली. समुद्र कधी पाहिला नाही, असं परवाच हसत म्हणाली होती. आज तिच्या हातांना सुकटीचा वास. मला म्हणाली, "बाय, माजी होडी लागली का?" आणि स्वतःच दचकली.
माहीमलाही एक नवसी होती, कोळीण. दोघींची जन्मतारीख १ जून, सालही एकच; नियमाने दोन्ही नोंदी मिसळल्या. जन्मतारीख माहीत नसली की इथे तीच लिहितात. माझीही मास्तरांनी तीच लिहिली होती. मला हे सुचायला हवं होतं.

११ फेब्रुवारी
माहीमला कोळीण नवसीच्या नवऱ्याकडे, चिंतूकडे गेले. माझं लग्नच झालं नाय, म्हणाला. दोरीवर लुगडं वाळत होतं. कुणाचं, विचारलं. तो लुगड्याला हात लावून रडू लागला. का, ते त्याला सांगता येईना.

१२ फेब्रुवारी
सरांना सांगायला गेले. त्यांनी चहा मागवला, सगळ्यांसमोर कौतुक केलं. मी चहा प्यायले. उद्या कर्मचाऱ्यांचे तक्ते त्याच नियमाने आपोआप जुळतील. थांबवायचं तर कारण सांगावं लागेल.

१३ फेब्रुवारी
माहीमला वैष्णवी नावाची परिचारिका आहे. तिची नोंद माझ्याहून जुनी. १ जून, सालही माझंच. सर समोर बसलेत — एक वाक्य पुरे — तोंड उघडत नाही — लाज —

१४ फेब्रुवारी
काशीबाई माझी खोली कुणाला तरी दाखवत होत्या. मी दारातच होते, त्यांना दिसले नाही.
आता माहीमच्या दवाखान्यात. हातात सुई. टोचता येते —
नवसी आली. तिनेच ओळखलं. "बाय, तू पन आलीस?"
आईची दोन नावं आठवतात. त्यातली माझी आई कोणती ते लिहून ठेवते, अजून आठवतंय तोवर — माझ्या आईचं नाव