पत्रकातली बदकं

२ एप्रिल

पोचलो एकदाचा. ताई हवाई तळाच्या फाटकापाशी उभी होती. अंगात वैमानिकाचा पोशाख, पायात घरातल्या सपाता. मला पाहून म्हणाली, काय रे ढापण्या, चष्मा जाड झाला की नाक बारीक झालं? पहारेकरीसुद्धा हसला. तीन वर्षांनी भेटतोय आणि स्वागत हे. बरं वाटलं.

क्वार्टर दोन खोल्यांचं आहे. आतली तिची, बाहेरची माझी. टॉवेल वाळत घालायची दोरी तिची, तिला हात लावायचा नाही. कपबश्या विसळून पालथ्या घालायच्या, उताण्या नाही. नियम सांगता सांगता तिने माझी बॅग उघडून कपडे कपाटात लावूनही टाकले. आईचा फोन आला. तिने मला बजावलं, ताईला वेळेवर जेवायला लाव. मग ताईला बजावलं, त्याला वेळेवर जेवायला लाव. आम्ही दोघं एकमेकांचे पहारेकरी.

तीस तारखेपासून ताईला महिन्याची सुट्टी आहे, घरी जाणार. आईने आत्तापासूनच गाद्या उन्हात घातल्या असतील.

३ एप्रिल

आज फोरमनने हँगर दाखवला. यानाचं सरकारी नाव 'बहुभूमिका लढाऊ यान', पण इथे सगळे त्याला 'बहुरूपी' म्हणतात. बावीस बहुरूपी ओळीने उभे. सांगाडा एकच, पोट बदलायचं. शिकारीचं पोट लावलं की लढाऊ विमान, खाटांचं लावलं की रुग्णवाहिका, मालाचं लावलं की टेम्पो, आणि काचांचं लावलं की टेहळणी. चाळीस मिनिटांत एक पोट काढून दुसरं चढतं. फोरमन म्हणाला, माझ्या बायकोला एवढ्या वेळात साडी ठरवता येत नाही. मग इकडेतिकडे बघून म्हणाला, तिला सांगू नका.

वैमानिकाच्या गळ्यात पट्टा असतो. पट्ट्यातून यान त्याला त्या दिवसाचं काम शिकवतं, आणि माणूस कसा विचार करतो ते त्याच्याकडून शिकून घेतं. म्हणून एकाच माणसाला सकाळी शिकार आणि दुपारी जखमी आणणं, दोन्ही जमतं. रुग्णवाहिकेत सोबत्याची एक जागा असते, तिथेही पट्टा असतो.

४ एप्रिल

माझं काम सुरू झालं. खोलीचं नाव उतरणी. यान उतरलं तरी डोक्यात चढलेलं काम लगेच उतरत नाही. शिकारीवरून आलेला एक जण असाच घरी गेला आणि जिन्यात शेजाऱ्याचा माग काढत बसला, असं इथल्या प्रमुख डॉक्टरबाई सांगत होत्या. म्हणून पट्टा काढल्यावर प्रत्येकाला इथल्या खुर्चीत बसवून त्याच्या आयुष्यातले दहा प्रश्न विचारायचे. दहाही उत्तरं पत्रकाशी जुळली तर घरी. एक जरी चुकलं तरी परत यानात बसवून पुन्हा उतरवायचं. उत्तरं घरच्या माणसाकडून लिहून घेतलेली असतात. स्वतःच्या नातेवाइकाला प्रश्न विचारायची मनाई आहे. ताईच्या वेळी डॉक्टरबाई विचारतील, मी काचेमागे.

डॉक्टरबाई कमी बोलतात, पण चहा दोन कप सांगतात.

९ एप्रिल

जुनी पत्रकं फाटायला आली होती, सगळी नव्याने लिहिली. बावीस वैमानिक, प्रत्येकी दहा उत्तरं. त्यात भर म्हणून घरच्यांना फोन करून काही प्रश्न बदलले. ताईची दहाही उत्तरं माझीच. हात मोडून आला. संध्याकाळी फोरमन नकला घेऊन गेला. त्या यानातही भरतात म्हणे. वैमानिक बेशुद्ध व्हायला लागला तर यान तेच प्रश्न विचारून त्याला जागं ठेवतं. कल्पना आवडली. आईसुद्धा तापात आम्हाला असंच बोलतं ठेवायची.

कॅन्टीनमध्ये लंबूने पुन्हा बदकांची गोष्ट ऐकवली. लंबू म्हणजे सात नंबरचा वैमानिक, दारातून वाकून येतो. शाळेच्या वाटेवर तळं होतं, तिथली बदकं त्याच्या मागे लागायची. एवढा उंच माणूस टेबलावर हात फडफडवून दाखवत होता. ताईने त्याला सांगितलं, बदकांचं बरोबर होतं, तुला शिडी समजले असतील.

ताई उद्यापासून आठवडाभर मोहिमेवर. चौदा नंबर, शिकारीचं पोट.

१७ एप्रिल

ताई आली. थकलेली, पण धडधाकट. मी काचेमागे उभा होतो. पाच उत्तरं झाली. सहावा प्रश्न : शाळेच्या वाटेवर कशाची भीती वाटायची?

ताई म्हणाली, बदकांची. आणि हसली. म्हणाली, पांढरी होती, मान लांब करून पायाला चावायला यायची, मी दप्तर पुढे धरून पळायचे.

डॉक्टरबाईंनी बरोबरची खूण केली.

आमच्या शाळेच्या वाटेवर तळं नव्हतं. बदक आम्ही चित्रात पाहिलं. ताई घाबरायची ती लाकडाच्या वखारीतल्या करवतीला. कानात बोटं घालून माझा हात काखेत दाबून धरायची, मला अजून ती काख आठवते.

मला वाटलं, लंबूची थट्टा करतेय. घरी जाण्याआधी पत्रक काढून पाहिलं. सहाव्या ओळीत माझ्या अक्षरात लिहिलंय : बदकांची. लंबूच्या पत्रकानंतर लगेच ताईचं लिहिलं होतं. त्याचीच ओळ हाताखालून उतरली.

चूक माझी. पण मग ती तेच कसं बोलली?

१८ एप्रिल

सकाळी चहा पिताना तिला सहज विचारलं, करवत आठवते का? ती थांबली. म्हणाली, कुठली रे? सांग ना. हनुवटीवर हात ठेवून ऐकायला बसली. ताई कधी माझं ऐकायला बसलेली नाही, मधेच तोडते.

मी म्हटलं, काही नाही. कपबश्या विसळल्या. तिची बशी उताणी होती.

१९ एप्रिल

आज मी एक वाईट काम केलं. लंबू टेहळणीवर जाणार होता. त्याआधी त्याच्या पत्रकात बदकं खोडून 'शेळीची' लिहिलं आणि फोरमनला नवी नक्कल यानात भरायला सांगितली. फोरमन कुरकुरला, अक्षर सुधारा आधी.

दुपारी लंबू उतरला. सहावा प्रश्न मीच विचारला.

शेळीची, म्हणाला. काळी होती. एक शिंग मोडलेलं.

हातवारे केले नाहीत. हात मांडीवर ठेवून सांगितलं.

२० एप्रिल

डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. माझी चूकही सांगितली. त्यांनी पूर्ण ऐकलं. मग म्हणाल्या, तुमची आठवण हा पुरावा नाही, पत्रक हा पुरावा. म्हणाल्या, गेल्या वर्षभरात एकही वैमानिक उतरणीत नापास झालेला नाही, एकही अपघात नाही, घरी भांडणाची एक तक्रार नाही. याच्यात तुम्हाला काय खटकतंय?

मी म्हटलं, ती माझी बहीण नाही.

त्यांनी पेन उघडलं. मायेने म्हणाल्या, मग बरोबर उत्तर सांगा बघू, मी दुरुस्ती करते.

मी सांगितलं. करवत, वखार, कानात बोटं. सांगून टाकलं.

२२ एप्रिल

ताई काल मालाची खेप घेऊन गेली, आज परतली. सहावा प्रश्न. करवतीची, म्हणाली. डोळ्यांत पाणी. म्हणाली, कानात बोटं घालायचे आणि ढापण्याचा हात काखेत धरायचे.

काचेकडे बघून म्हणाली. मला बघून.

शब्द न् शब्द माझा. माझ्याकडे एकच पुरावा होता, तो मी हाताने देऊन आलो.

आता जे कुठे लिहिलेलं नाही, कुणाला सांगितलेलं नाही, तेवढंच उरलं. मोजून पाहिलं. फार नाही.

२३ एप्रिल

फोरमन हसत हसत सांगत होता, तुमच्या ताईचं यान नखरे करायला लागलंय. चौदा नंबर रिकामं, आपल्या आपण हँगरकडे येतं तेव्हा वाटेतल्या गटाराच्या लोखंडी झाकणापाशी थांबतं. चाक त्यावर घालत नाही, वळसा घेतं. धावपट्टी सोडून चिखलात उतरलं एकदा. सगळं तपासलं, बिघाड नाही.

मी त्या झाकणापाशी जाऊन उभा राहिलो.

ताई झाकणावर पाय देत नाही. लहानपणापासून. बाजारातून येताना आई वैतागायची. आणि काल ती क्वार्टरकडे येताना सरळ झाकणावरून चालत आली. खण्ण आवाज झाला. तिने खालीही पाहिलं नाही.

म्हणजे ताई गेलेली नाही. ती यानाच्या आत आहे.

आम्ही या बहुरूप्यांची चार पोटं बदलत बसलो. माणसाचं सोंग त्यांनी आपलं आपण घेतलं.

२४ एप्रिल

आईचा फोन. ती तासभर बोलली आईशी. दार लोटून. मला एवढंच ऐकू येत होतं — हो का, मग? आणि मी काय म्हणाले तेव्हा? सांग ना.

आई खुशीत. मला म्हणाली, पोरगी किती मायाळू झाली रे, सगळं जुनं विचारत होती.

तीस तारखेला ती घरी जाईल. महिनाभर आईजवळ बसेल. आई सगळं सांगेल. मग बाहेरची ताई पुरी होईल आणि आतलीची कुणाला गरज उरणार नाही.

२५ एप्रिल

दुपारी चौदा नंबरला गेलो. खाटांचं पोट लावलेलं. कारागीर जेवायला गेले होते. यानाच्या नाकाला हात लावून हळूच म्हटलं, ताई.

काही नाही.

म्हटलं, तुझ्या दोरीवर मी टॉवेल टाकलाय.

पुढचा दिवा लागला. भक्कन. डोळे दिपले. मी रडलो आणि हसलो, दोन्ही.

नियम साधा आहे. उत्तर चुकलं की परत यानात बसवून पुन्हा उतरवायचं. पट्टा गळ्यात असतानाच प्रश्न विचारायचा, म्हणजे उत्तर ताईला आतून देता येईल आणि या खेपेला तिलाच उतरवता येईल. असा प्रश्न, ज्याचं उत्तर पत्रकात नाही, आईला माहीत नाही. असा एकच आहे. तो फक्त ताईला आणि मला —

इथे लिहीत नाही.

२६ एप्रिल

वही उशाखाली होती. आज टेबलावर होती. पानांना तिच्या हातसाबणाचा वास.

काय वाचलं असेल. सगळंच. पण ते एक तर नाहीच लिहिलेलं.

तिने ताटं मांडली. माझ्या ताटात वाढलं. म्हणाली, जेव वेळेवर.

२७ एप्रिल, सकाळ

उद्या जखमी आणायची फेरी. चौदा नंबर. सोबत्याच्या जागेसाठी माझं नाव मी दिलं. डॉक्टरबाईंनी लगेच सही केली. एवढ्या लगेच?

लंबू जिन्यात भेटला. दारातून न वाकता आला. कपाळ फुटलं. पुसलंही नाही.

२८ एप्रिल

आत बसलोय. वही आता मागे ठेवत नाही, मांडीवर आहे. सोबत्याची जागा. ती पुढे, पट्टा तिच्या गळ्यात. अजून जमिनीवरच. दार बंद झालंय.

विचारलं. लहानपणी पाण्याच्या टाकीमागे त्या दिवशी काय झालं होतं?

ती समोरच्या काचेकडेच बघतेय. आणि यान — सगळं यान खालपासून थरथरलं. दिवा लागतोय, विझतोय, लागतोय. ताई आहे. ताईला माहीत आहे. ताई सांगायला बघतेय —

ती वळली. हसतेय. म्हणते, मला आठवत नाही रे, तू सांग. म्हणते, लिहून ठेव, नाहीतर तूही विसरशील.

लिहिणार नाही. हे लिहिलं की दोघींत फरक राहणार नाही. मरेन पण —

उठून मागे आली. दुसरा पट्टा हातात. मी ढकललं. जोर किती — थंड आहे — गळ्याला थंड —

दिवा विझला

लिहायचं नाही. हात थांबत नाही. थांब. ताई, मी नाही, हात —

त्या दिवशी टाकीमागे मी रडत होतो आणि ताईने मला जवळ ओढून