बंद घराची देखभाल

१२ मार्च

दादा,

नमस्कार. गुडघे सोडले तर आई बरी आहे. वहिनीला आणि पिल्लूला आठवण सांग.

तुझा फ्लॅट ठीक आहे. दर रविवारी जाऊन न्हाणीत, बेसिनमध्ये, कमोडमध्ये पाणी ओतत होते. घर बंद राहिलं की जाळीखालच्या वाकड्या पाइपातलं पाणी सुकतं आणि गटाराचा वास थेट बैठकीत येतो. माणसं राहत असली की हे काम आपोआप होतं. इमारतींच्या सांडपाण्याचं शिक्षण घेतलंय, म्हणून हे तुला एकदा सांगितलंही होतं. तू म्हणालास, "वापरलेल्या घराला भाव येत नाही." मी पुढे बोलले नाही.

आमचे घरमालक मात्र बोलतात. "समोर काय भाव चाललाय, बघा जरा!" समोर म्हणजे तुझी इमारत. संध्याकाळी तिथे मोजक्याच खिडक्यांत दिवा लागतो. तरी भाव तिचा चढतो आणि भाडं आमचं.

म्हणून शनिवारी आम्ही शेवटच्या बसथांब्यापलीकडे राहायला जातोय. "दादाला एकदा विचार ना," असं आईचं चालू होतं. विचारणारही होते.

गेल्या रविवारी तुझा एजंट गिऱ्हाईक घेऊन आला. मी बादली घेऊन न्हाणीत ओणवी. "मावशी, वास नाही ना येत?" एजंटनं मला कामवाली समजून विचारलं, मग माझा चेहरा बघून "ताई" म्हणाला. गिऱ्हाईक म्हणालं, "आम्हाला काय, आम्हीही बंदच ठेवणार." एजंट हसला. "मालकांना घाई आहे. आई-बहीण इथंच भाड्याने राहतात. त्यांना कळू देऊ नका म्हणालेत. ओसरी दिली की पाय पसरतील!"

मी बादली शेवटपर्यंत ओतली. काम अर्धं टाकायची सवय नाही.

किल्ली वॉचमनकडे ठेवली आहे. नवा पत्ता आई देईल, मागितलास तर.

तिला यातलं काही माहीत नाही. तू घर एका अडचणीतल्या कुटुंबाला राहायला दिलंस, त्यांना दोन लहान मुलं आहेत, असं मी सांगितलंय. ती म्हणाली, "बरं केलं त्यानं. घर नांदतं हवं."

फोनवर ती तुला त्या मुलांची नावं विचारेल. ठरवून ठेव.

धाकटी