रविवारच्या टेबलावरची रानम्हैस

३ ऑगस्ट, रविवार

हसले! 'रानम्हैस' म्हटल्याबरोबर तिघंही हसले. विराज तर खुर्चीवरून पडायचाच बाकी होता. "काकू, म्हैस? सीरियसली? ड्रॅगन घ्या ना, माझ्याकडे मस्त मॉडेल आहे, देतो तुम्हाला." पुण्याहून आलेला हा मुलगा, इथं एचएसआर भागात राहतो, दाढी राखतो आणि मला काकू म्हणतो. त्या टेबलावर मी चेटकीण आहे, काकू नाही!

पुढच्या रविवारी गेम मास्टर, म्हणजे खेळातली गोष्ट सांगणारी, मी. दीड वर्षात पहिल्यांदा पाळी आली. क्षमानं माझं नाव पुढं केलं म्हणून आली, नाहीतर कोण देतंय? ती वरच्या मजल्यावर आईबरोबर राहते, तिनंच मला पहिल्यांदा इंदिरानगरच्या त्या कॅफेच्या माडीवर खेळायला ओढून नेलं होतं. पण आज येताना मेट्रोत तीसुद्धा म्हणाली, "अक्का, स्वल्प विचार कर की. लोक राक्षस मारायला येतात. म्हशीला कोण भिणार?"

मी भ्याले होते. हे असताना काझीरंगाला गेलो होतो तेव्हा. वाघ दिसला तर जीपमधले सगळे फोटो काढत सुटले. मग वळणावर ती उभी. नुसती उभी! मान वर, नाक पुढं, शिंगं दोन्हीकडे मागं वळलेली. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. एकानंही कॅमेरा उचलला नाही.

ठरलं. रानम्हैसच.

५ ऑगस्ट, मंगळवार

अभिराजचा फोन. विषय एकच — नोएडाला त्याच्याकडे राहायला ये. "आई, तुझी खोली रंगवून घेतली. फिकट निळी." मला विचारलं? पाण्यात म्हैस आणि वर मोल! दसऱ्याच्या आत सांग म्हणतो. त्यात 'नाही' हे उत्तर तो धरतच नाही.

रविवारी माझी गेम आहे म्हटलं, तर म्हणे "ती फाशांची?" परत समजावलं. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, लढतात, पळतात, आणि साधलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. शांतपणे ऐकलं त्यानं. मग म्हणाला, "आई, तू एकसष्ट वर्षांची आहेस." जसं काही मी विसरलेच होते.

नोएडात माझ्याशी कन्नड कोण बोलणार? मराठी तरी कोण बोलणार? तो आणि सूनबाई सकाळी आठला जातात ते रात्री आठला येतात.

८ ऑगस्ट, शुक्रवार

प्रत्येक प्राण्याला प्राणांचा आकडा द्यावाच लागतो. तेवढे वार बसले की तो मेला. रानम्हशीला किती द्यावे? रघुनंदनला फोन करून विचारलं. तो क्षमाचा मावसभाऊ, टेबलावर आमचा मांत्रिक. एरवी तोंड उघडत नाही, आज उघडलं — "आकडा कितीही दे अक्का, आम्ही मारणार."

बघू या.

१० ऑगस्ट, रविवार

मारली. माझा चहा थंड व्हायच्या आत मारली!

रघुनंदननं तिला मंत्रानं झोपवलं, क्षमानं बाण सोडले, विराजच्या सरदारानं जाऊन मान कापली. मग शिंगं काढून घेतली. वर विनोद — "काकू, दूध किती देते?" "अक्का, शेणाचे पॉइंट्स मिळतात का?" मीही हसले. काय करणार? तेहतीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं, एका वर्गानं माझ्यासमोर असं खिदळायची हिंमत केली नव्हती.

निघताना विराज म्हणाला, "कूल होतं, काकू." ते 'कूल' फार लागलं. नापास मुलाला आपण 'प्रयत्न चांगला होता' म्हणतो, तसलं.

११ ऑगस्ट, सोमवार

अभिराजला सांगितलं — येते.

१४ ऑगस्ट, गुरुवार

पोराचा वेग बघा! चार ऑक्टोबरला पॅकर्सवाले येणार. सगळं ठरवून मोकळा.

आणि मी गांधी बाजारात तोंडली निवडत असताना भर रस्त्यात थांबले. चूक कळली! म्हैस एकटी कशी? कळपातली एक उचलून मैदानात आणून उभी केली मी. अशी कधी असते का? सातवीच्या पोराचे मार्क कापले असते या चुकीबद्दल. रानम्हैस म्हणजे कळप — माद्या, वासरं, त्यांच्या वयात येणाऱ्या पोरी. मोठे रेडे येतात-जातात, त्यांचं राहणं बहुतेक वेगळंच. कळपाला वाट दाखवते ती म्हातारी मादी.

तोंडली भाजीवाल्याकडेच राहिली. परत जाऊन आणली.

२४ ऑगस्ट, रविवार

मी विचारलं, "जायच्या—" आणि जीभ चावली. कोणाला सांगितलेलं नाही अजून. "मला अजून एक पाळी द्या," म्हटलं.

"परत म्हैस?" विराज.

"परत."

"सरी, चालेल," क्षमा म्हणाली. "गणपती होऊ दे. चौदा तारखेला घे."

एकदा तरी यांना घाबरवल्याशिवाय मी या गावातून हलणार नाही. म्हैस म्हणजे काय ते कळू दे!

२ सप्टेंबर, मंगळवार

जेवणाच्या टेबलावर कळप मांडला. सुपाऱ्या म्हणजे म्हशी, चिंचोके म्हणजे वासरं. चिंचोके आत, सुपाऱ्या गोल, तोंडं बाहेर. आणि एक लिंबू — मोठा रेडा. स्वतःच चारी बाजूंनी हल्ले केले. पहिल्यांदा कळप मेला. दुसऱ्यांदाही मेला. मग नियमच बदलला. एक पडली की बाकीच्या पळत नाहीत, रिंगण आवळतात, आणि आवळलं की त्यांची ताकद वाढते. कळप हलतो तो फक्त म्हातारी हलली तर. तिला मारलंच कोणी, तर दुसरी म्हातारी तिच्या जागी.

तिसऱ्यांदा मी मेले. बरं वाटलं!

९ सप्टेंबर

अभिराजनं खोक्यांचे फोटो पाठवले. मोठं, मध्यम, लहान. कशात काय ठेवायचं ते वर लिहिलेलं. मी म्हातारीचा कान फाटका ठेवायचा की नाही या विचारात होते.

१४ सप्टेंबर, रविवार

नीट लिहून ठेवते. एक शब्द सुटता कामा नये.

आडोशाचा पुठ्ठा काढून टाकला. गेम मास्टर त्याच्यामागं फासे टाकतो, कोणाला दिसत नाहीत, आणि दया आली तर खोटा आकडा सांगतो. आज दया नाही. फासे सगळ्यांसमोर.

सांगायला सुरुवात केली. पलीकडच्या गावात तापाची साथ. औषध पोचवायचंय. नदी चढते आहे, पार व्हायला उतार एकच, आणि त्या उतारावर पहाटेपासून रानम्हशींचा कळप. पाण्यात पहिलं पाऊल एका म्हातारीनं टाकलं — हाडं वर आलेली, कान फाटलेला — तिच्यामागून बाकीच्या. आणि काठावर एक रेडा, काळा, प्रचंड. एवढंच सांगितलं.

कोणी काही विचारलं नाही. रेडा ऐकला आणि धावले! क्षमाचे बाण रेड्यावर, रघुनंदनची आग रेड्यावर, विराजची तलवार रेड्यावर. रेडा झुंजला, पण पडला. विराज दोन्ही हात वर करून उभा राहिला. "बॉस डाऊन! आता पळणार बघ सगळ्या!"

"कोण म्हणालं तो बॉस होता?"

मी सांगितलं, कळप आहे तिथंच आहे. वासरं आत. सगळ्यांची तोंडं तुमच्याकडे. एक एक पाऊल पुढं.

"म्हणजे? एवढा मोठा मारला की आम्ही!" — क्षमा.

विराज चिडला आणि सरळ रिंगणात घुसला. म्हशींच्या वाराचा फासा मी टाकला. वीसपैकी एकोणीस. तीन वर्षं सांभाळलेला त्याचा सरदार. तो माझ्याकडे बघत होता, मी काहीतरी करीन म्हणून. दया आली मला, खरंच आली. पण फासा सगळ्यांसमोर पडला होता.

"काकू, एक चान्स तरी..."

"नाही. तुडवला गेलास. गेलास तू, विराज."

मग क्षमा हळू आवाजात म्हणाली, "अक्का, पाण्यात पहिलं पाऊल कोणी टाकलं म्हणालीस?"

"सांगितलं होतं की."

"परत सांग."

परत सांगितलं. म्हातारी. हाडं. कान.

"ती आता कुठं आहे?"

"तुझ्यासमोर. रिंगणात सगळ्यांच्या पुढं. मघापासून तुझ्याकडेच बघते आहे."

क्षमाच्या हातावर काटा आला, मी बघितला! तिनं धनुष्य खाली ठेवलं. रघुनंदननं आग विझवली. "आम्ही खाली बसतो," म्हणाला. बसा म्हटलं. आणि बसवून ठेवलं त्यांना, पाणी चढत असताना. विराज मेलेला, पण तोही पुढं वाकून बसला होता. शेवटी म्हातारी वळली आणि उताराकडे चालायला लागली, कळप तिच्यामागं, आणि अंतर ठेवून ही दोघं, विराजच्या सरदाराला खांद्यावर घेऊन. कमरेएवढ्या पाण्यातून पलीकडे. औषध पोचलं. त्यानंतर एकही फासा टाकावा लागला नाही.

विराज म्हणाला, "म्हशीकडून मेलो. साला... सॉरी काकू." आणि मग हसत सुटला. या वेळचं हसू वेगळं होतं.

किती वर्षांनी इतका आनंद झाला! परत येताना मॅजेस्टिक स्टेशनला मेट्रो बदलायची विसरले, क्षमानं हात धरून उतरवलं. आणि चार ऑक्टोबरला मी जाणार आहे. हिला अजून सांगितलेलं नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार

सकाळीच विराजचा मेसेज. नवा माणूस तयार केलाय त्यानं, गुराखी! पुढं काय होतं विचारतो. आणि दुसरी बातमी — कॅफेवाला माडीवर मोठे पडदे लावणार, क्रिकेट दाखवायला. महिनाअखेरीनंतर टेबल नाही. "काकू, आपण कुठे खेळायचं?"

'आपण' म्हणाला.

२१ सप्टेंबर, रविवार

क्षमाला सांगितलं. मेट्रोतच, म्हणजे तिला ओरडता येणार नाही. चुकलं माझं गणित. ओरडली!

"ऑगस्टमध्ये हो म्हणालीस, आणि मला आज सांगतीस? माझ्या आईला तरी सांगितलंस काय?" नॅशनल कॉलेज स्टेशनला उतरलो तरी चालूच. मग एकदम थांबली. "तुला जायचं आहे काय, अक्का?"

एवढा सरळ प्रश्न अभिराजनं एकदाही विचारला नाही. मीसुद्धा मला विचारला नव्हता. एक म्हैस फसली म्हणून रागाच्या भरात हो म्हणून बसले! उचलली जीभ लावली टाळ्याला.

नाही जायचं. मला नाही जायचं.

२२ सप्टेंबर, सोमवार

अभिराजला फोन. येत नाही म्हटलं. "आई, घाबरू नकोस, सगळ्यांना पहिल्यांदा असं वाटतं." घाबरत नाहीये, येत नाहीये! "पॅकर्सचं बुकिंग झालंय, ते रद्द होत नाही. आता मागे फिरता येणार नाही. गाडी येईल, तू फक्त बस." तो वाईट नाही. पण ऐकत नाही. माझ्यावरच गेलाय.

तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा म्हणाला, "बरं, बघू."

२८ सप्टेंबर, रविवार

माडीवर शेवटचा रविवार. खेळ झाला, पण त्यात मन कोणाचंच नव्हतं. पुढच्या रविवारचं कोणी बोललं नाही.

क्षमाला म्हटलं, मी जाणार नाही. ती म्हणाली, "गाडी दारात उभी राहिली की जाशील तू. लेक आहे तो तुझा." राग आला, आणि तो चांगला आला.

२ ऑक्टोबर, दसरा

क्षमा बन्नीची पानं, इथलं दसऱ्याचं सोनं, घेऊन आली. वाकून नमस्कार केला. अभिराजचा मेसेज — शनिवारी नऊला गाडी.

४ ऑक्टोबर, शनिवार

गाडी आली. रद्द होत नाही ना, मग भरून पाठवली! अभिराजच्या खोलीतलं सगळं — पलंग, कपाट, इंजिनिअरिंगची पुस्तकं, सायकल, ट्रॉफ्या, लग्नात आलेले न उघडलेले डिनर सेट. पॅकर्सवाल्यांनी दोनदा विचारलं, "अम्मा, तुमचं काय?" कॉफी दिली आणि म्हटलं, माझं काही नाही.

अभिराजला कळवलं, सामान निघालं, मंगळवारी पोचेल, ती निळी खोली तयार ठेव.

रिकामी खोली झाडून घेतली. सहा खुर्च्या आरामात बसतात. उद्या रविवार — विराज टेबल घेऊन येतो आहे.