उंबरठ्यावरचा होकार

मी, लक्ष्मीकांत सदाशिव मुजुमदार, वय एकाहत्तर, निवृत्त प्राध्यापक, राहणार हरिशंकरपुरम, ग्वाल्हेर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्याही दडपणाविना लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. मनाचा दाखला कोणी देत नाही. फाल्गुनात माझी पत्नी सौ. दुर्गा वारली. तेव्हापासून मला विशेष काही वाटत नाही. भूक लागते, झोप येते, एवढंच.

१. राहतं घर चिरंजीव राघव यास. विकलं तरी चालेल. माझ्या कामाला तो लष्कराच्या भाकऱ्या म्हणत आला. आम्ही राहतो ग्वाल्हेरच्या लष्कर भागातच, तेव्हा तक्रार नाही.

२. बँकेतली ठेव राघव व कन्या तन्वी यांना समसमान.

३. 'देवडी' हे सॉफ्टवेअर मी सुरू केलं. वाचनालयं, दवाखाने त्यावर आपापली पोर्टलं उभी करतात. कोड सर्वांना खुला आहे, त्यामुळे वाटून देण्यासारखं फारसं नाही. नाव, डोमेन आणि माळ्यावरचा जुना सर्व्हर तन्वीला. सर्व्हरचा पंखा घरघरतो. तेल घालू नये, मी घालून पाहिलं आहे.

४. ग्वाल्हेरातल्याच हजीऱ्याचे तुकोजी मोहिते यांना काही देत नाही. त्यांचं 'ओसरी' हे सॉफ्टवेअर 'देवडी'चंच काम करतं, दिसायला आमच्यापेक्षा बरं, आतून गचाळ. कैक वर्षं आम्ही एकमेकांच्या चुका चारचौघांत दाखवण्यात घालवली. शेवटी दुर्गाने त्यांना घरी जेवायला बोलावलं आणि पानं वाढायच्या आधी आम्हा दोघांना विचारलं, "दोन घरांना दार एकच असलं तर काय बिघडतं?" त्यातून 'उंबरठा' झाला. लोकांना आत शिरताना लागणारा भाग, म्हणजे लॉगिन आणि पडद्यावरचे मराठी शब्द, दोन्ही प्रकल्पांत सामाईक. शब्द सगळे दुर्गाचे. तुकोजींना वगळलं ते रागाने नव्हे (थोडा आहे). साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये, असं वकील गरिमा सांगते, आणि साक्षीला मला तेच हवेत.

५. उंबरठ्याचे नियम दोन. दोन्ही बाजूंच्या होकाराशिवाय कुठलाही बदल होत नाही. आणि बदल आल्या क्रमानेच घ्यायचे, रांग मोडायची नाही. दुसरा नियम माझ्या हट्टाचा, कारण तुकोजी मध्येच घुसत. दोघांनी तो दुर्गासमोर कबूल केला. आमच्या बाजूचा होकार देण्याचा अधिकार माझ्या पश्चात तन्वीचा.

६. आज रांगेत सर्वांत पुढे तन्वीने पाठवलेला बदल आहे. उंबरठ्यावर काम करणाऱ्यांच्या नावांत आईच्या 'सौ.'आधी 'कै.' जोडावं, इतकाच. तुकोजींचा होकार त्याच दिवशी आला. माझा अजून बाकी आहे. त्यामागे लॉगिनमधल्या भोकाची दुरुस्ती अडकली आहे. त्या भोकातून कोणीही दुसऱ्याच्या खात्यात शिरू शकतो, आणि दवाखाने रोज विचारतात. मी तुकोजींना म्हटलं, रांग मोडा. जन्मभर घुसखोरी केलेला माणूस म्हणाला, "वहिनींसमोर जुबान दिली आहे यार. मी नाही तोडणार. तू हो म्हण, बस." मला ते म्हणता येत नाही. म्हणून हा होकार माझ्या पश्चात तन्वीने द्यावा.

हे कलम वाचून गरिमा म्हणाली, "काका, वसीयत तर तुम्ही गेल्यावर लागू होणार. तोपर्यंत दवाखानेवाले काय करतील? तुमच्या मरायची वाट बघत बसतील का?"

प्रश्न रास्त आहे. कलम सहामधलं शेवटचं वाक्य रद्द समजावं. गरिमाच्या टेबलावर, दोन्ही साक्षीदारांसमक्ष, मी लॅपटॉप उघडून होकार दिला. तुकोजींनी आपल्या फोनवर पाहिलं, "सरकली रांग," म्हणाले, आणि बराच वेळ चष्मा पुसत बसले.

तसंच, या मृत्युपत्राच्या पहिल्या परिच्छेदात दुर्गाच्या नावाला 'कै.' जोडून वाचावं. मला विशेष काही वाटत नाही, असंही तिथे लिहिलं आहे. ते खोडावं. आता फार वाईट वाटतं आहे.

लक्ष्मीकांत सदाशिव मुजुमदार (सही)

वरील सही व खाडाखोड आमच्या देखत झाली. लिहून देणार शुद्धीवर होते, रडत होते.

साक्षीदार:
तुकोजी मोहिते, हजीरा (सही)
मंदाताई आपटीकर, शेजारी, हरिशंकरपुरम (सही)

ग्वाल्हेर, दि. ९ ऑक्टोबर २०२४