चार बोटांचा कल

प्रिय आबा,

जय भीम.

तुम्हांला वाचता येत नव्हतं, म्हणून तुम्ही असताना मी तुम्हांला कधी पत्र लिहिलं नाही. गावाहून आलेलं पत्र मी वाचून दाखवायचो आणि तुम्ही डोळे मिटून म्हणायचात, "परत वाच. सावकाश." आज मीच लिहायला बसलो आहे, कारण उद्या रविवारी सकाळी आपल्या विहाराच्या ओसरीचे दोन खांब आणि वरची कमान भरायची आहे. काँक्रीट एकदा ओतलं की बोलणं संपतं, हे तुमचंच वाक्य. म्हणून जे बोलायचं ते आजच.

तुम्ही गेल्यापासून काम थांबलं होतं. तुम्ही उभ्या केलेल्या फळ्या पावसात तशाच उभ्या राहिल्या. तुमच्या पुण्यानुमोदनाला आलेल्या लोकांनी त्यांच्याकडे बघून हळहळ केली आणि सगळे घरी गेले. परवा कमिटीची बैठक झाली. कमिटीतले गंगारामकाका खांबांच्या साच्यांसमोर बराच वेळ डोकं तिरकं करून उभे राहिले आणि म्हणाले, "आरं बाळू, ह्ये खांब वाकडं हायेत की."

सगळे उठून बघायला आले. टेकूच्या बल्ल्यांच्या गर्दीत इतके दिवस कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आता आलं. दोन्ही साचे वर जाताना आत झुकलेले.

"दादाचा हात कापत हुता रं शेवटाला," काका तुमच्याबद्दल म्हणाले. "त्येची काय चूक न्हाय. पर विहार पडाया आलंय आसं दिसंल. रविवारच्या आत सरळ करून घे."

कुणीतरी मागून म्हणालं, "वाशीच्या एवढ्या बिल्डिंगी सरळ बांधल्या आणि आपलं विहार तेवढं वाकडं!" लोक हसले. वाईट हसले नाहीत, आबा. पण मला ते सहन झालं नाही. मी मान डोलावली आणि घरी आलो.

तुमचा हात खरंच कापत होता का? तुम्ही हे साचे उभे करत होतात तेव्हा मी नेरुळच्या साइटवर होतो. सुट्टीला यायचो तेव्हा तुम्ही मला लांब ठेवायचात. "तू तुझं मोजत बसशील, मला काम करू दे." माझ्या प्रत्येक गोष्ट दोनदा मोजण्याला तुम्ही किती हसायचात! पण तुम्ही गेलात आणि मला दुसऱ्यांदा विचारायला माणूसच उरला नाही.

काल कामावरून थेट विहारावर गेलो. हातोडी बरोबर होती. पाचरी सैल करायच्या, बल्ल्या सरकवायच्या, साचे उभे करायचे, एवढंच काम. पण सवय सुटत नाही. आधी तुमचा ओळंबा काढला आणि डाव्या खांबाच्या माथ्यावरून सोडला. दोरी स्थिर होईपर्यंत श्वास धरून बसलो. चार बोटं आत. काका खरं बोलत होते.

मग उजव्या खांबाला ओळंबा लावला. चार बोटं आत.

पुन्हा डावा, पुन्हा उजवा. तितकंच. साच्याच्या आत वाकून बघितलं तर सळ्याही त्याच कलाने बांधलेल्या, एकीला दुसरी समांतर. आबा, कापणारा हात चुकतो. पण तो एकीकडे चार बोटं चुकला की दुसरीकडे बरोबर चारच बोटं, तेही उलट्या दिशेने, चुकत नाही. मी तिथेच विटांच्या ढिगावर बसलो. हे तुम्ही मुद्दाम केलं होतं.

मग मला सांगितलं का नाही? एका शब्दाने सांगायला काय झालं होतं? सगळ्या बैठकीत लोक तुमच्या हाताबद्दल बोलत राहिले आणि मी तिथे खाली मान घालून उभा होतो.

बसल्या बसल्या मला भाज्याचं लेणं आठवलं.

मी तेव्हा चौथीत होतो. तुम्ही खाडा करून मला पनवेलहून एसटीने नेलं होतं. आई म्हणाली होती, "लोकं पोरांना राणीच्या बागेत नेत्यात, ह्यो डोंगरात चाललाय." पायऱ्या चढून मी दमलो होतो आणि पेरू मागत होतो. मग ती लेण्याची मोठी कमान समोर आली, पिंपळाच्या पानासारखी वर टोक असलेली, आणि मी पेरू विसरलो. आत दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, शेवटी स्तूप, आणि छताला लाकडाच्या वाकवलेल्या फासळ्या. "ही लाकडं दोन हजार वर्षांची हायेत," तुम्ही म्हणालात. मला खोटं वाटलं. आपल्या झोपडीचा वासा दोन पावसाळे टिकत नव्हता.

तुम्ही पिशवीतून ओळंबा काढलात. लेण्यात जाताना ओळंबा घेऊन जाणारा दुसरा माणूस मी आजपर्यंत पाहिलेला नाही. खांबाला न चिकटवता, हात लांब करून, तुम्ही तो सोडलात. राखणदार ओरडला, "ओ पाव्हणं, हितं मोजायला परवानगी लागती."

"मोजत न्हाय," तुम्ही म्हणालात. "इचारतोय."

तो जवळ आला, दोरीकडे बघितलं, खांबाकडे बघितलं आणि तिथेच उभा राहिला. मी म्हणालो, "आबा, खांब वाकडा आहे. त्यांचं चुकलं." तुम्ही मला समोरच्या रांगेपाशी नेलं. तिथलेही खांब आत झुकलेले. सगळे. एकही चुकला नव्हता.

मग तुम्ही लेण्याबाहेर मातीत बसून दोन काड्या रोवल्या आणि त्यांच्या डोक्यावर एक वाकवलेली काडी ठेवली. वरच्या काडीने दोन्ही उभ्या काड्यांना बाहेर ढकललं आणि सगळं पडलं. मग तुम्ही काड्या आत कलत्या रोवल्या आणि वरची काडी राहिली. "लाकडाचं घर आसं उभं करत हुते," तुम्ही म्हणालात. "छत भाईर ढकलतं, म्हणून खांब आत कलता ठिवायचा."

मी विचारलं, "पण हे तर डोंगरात कोरलंय. हे कसं पडेल?"

"न्हाईच पडत."

"मग कलतं कशाला केलं?"

तुम्ही ओळंब्याची दोरी गुंडाळलीत. मग म्हणालात, "ज्यांनी ह्ये कोरलं त्यांच्या बापांनी लाकडाची कामं केली आसणार. बापाचा खांब जसा उभा ऱ्हायचा, तसा पोरांनी दगडात ठिवला." आणि पुढे, "माझ्या बापाला गावात कुणी करवतीला हात लावू दिला न्हाय. तुजा बाप सुतारकाम करतो. ध्येनात ठेव."

मी ध्यानात ठेवलं नाही, आबा. पेरू मात्र आठवतो.

पुढे मी नववीत शाळा सोडून तुमच्या हाताखाली सेंट्रिंगचे साचे बांधायला आलो. फळी, खिळा, पाचर, बल्ली. वाशीतल्या कितीतरी इमारतींना आपण आधी लाकडात बांधलं आणि काँक्रीट धरलं की लाकूड काढून घेतलं. तुम्ही प्रत्येक वेळी फळी निघाली की त्या ताज्या काँक्रीटवरून हात फिरवायचात. फळीच्या रेषा, गाठी, सगळं त्यात उमटलेलं असायचं. दुसऱ्या दिवशी प्लास्टरवाले यायचे आणि ते सगळं झाकून टाकायचे. तुम्ही म्हणायचात, "आपलं काम हितंवरच." मला वाटायचं तुम्ही मजुरीबद्दल बोलताय.

आज सकाळी मी गंगारामकाकांकडे गेलो. जाताना ओळंबा आणि तीन काड्या घेऊन गेलो. त्यांच्या ओट्यासमोरच्या मातीत काड्या रोवून दाखवल्या आणि भाज्याचे खांब सांगितले. काकांनी सगळं नीट ऐकलं. मग म्हणाले, "बरं, त्यानं मुद्दाम केलं. पटलं. पर आपलं तर काँक्रीट. त्यात लोखंड. त्येला ह्या कलाचा उपेग काय?"

"काही नाही, काका."

"मग?"

"लेण्यातल्या खांबांनाही नव्हता."

काकांनी एक काडी उचलून बोटांत फिरवली. तुम्हांला माहीत आहे, चारचौघांत मला दुसरं वाक्य सुचत नाही. पण मी म्हणालो, "खांब मी सरळ करणार नाही. कमिटीला दुसरा सेंट्रिंगवाला आणायचा असेल तर आणा. मी फळीला हात लावू देणार नाही."

"आरं, भांडाया आलास व्हय?"

"हो."

काका हसले. "तुजा बाप बी आसाच. आयुष्यभर गप, आन् येकदाच आडला की बैलागत आडला." मग गंभीर झाले. "भरू या तसंच. पर वाईट दिसलं तर फोडून परत करायचं, तुज्या खर्चानं, तुज्या हातानं. आन् कमानीच्या बल्ल्या काढताना खाली तू हुबा ऱ्हायचं. दुसरं कुणी न्हाय."

मी कबूल केलं. काय कबूल केलं ते मला कळतं. कमानीचं वजन किती ते मी दोनदा काढलं आहे, आता तिसऱ्यांदा काढणार नाही.

घरी येऊन आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "बैठकीत म्हनले त्येचा हात कापत हुता?"

"हो."

"कापत हुता की. भाकरी मोडताना कापायचा, च्याची बशी धरताना कापायचा. हातोडी घेतली की न्हाय कापायचा. मी रोज डबा घिऊन जात हुते, मला ठावं हाय." मग माझ्याकडे न बघता, "तू मला का न्हाय इचारलंस?"

खरंच, तिला कुणीच विचारलं नाही. मीही नाही.

आता दुपार कलली आहे. मी साच्यांच्या सावलीत फळीवर बसून लिहितो आहे. सगळ्या पाचरी एकदा ठोकून बघितल्या. फळ्यांना तेल लावलं. कमानीच्या पातळ फळ्या तुम्ही भिजवून, दोरीने आवळून वाकवल्या होत्या. त्या तशाच आहेत, टोक अजून पिंपळाच्या पानासारखं. वाळू आली आहे, खडी आली आहे. उद्या सगळी वस्ती घमेली घेऊन येईल. आया येतील, पोरं येतील, परवा हसलेलेही येतील.

तर आबा, माझा शब्द ऐका. उद्या खांब तुमच्या कलानेच भरले जातील. एक पाचरही मी हलवणार नाही. काँक्रीट धरलं की खांबांच्या फळ्या मीच काढीन. त्यांच्यावर प्लास्टर होऊ देणार नाही. कमिटी काही म्हणो, रंगारी काही म्हणो. तुमच्या फळ्यांच्या रेषा आणि गाठी विहारात येणाऱ्या प्रत्येकाला दिसल्या पाहिजेत. मग कमानीची मुदत भरली की बल्ल्या काढायला मी खाली उभा राहीन. शेवटची बल्ली निघाली की तिथून लगेच हलणार नाही. कमानीखाली उभा राहून हे पत्र मोठ्याने वाचीन. आणि एकदा वाचून झालं की परत वाचीन, सावकाश.

कुणी विचारलं, या कलाचा उपयोग काय, तर सांगीन, काही नाही. माझा बाप सुतारकाम करत होता.

तुमचा,
बाळू